डोक्यातल्या तारा

दि. ३ जून
चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तू इस्पितळात भरती झालीस हे मला बेकरीतल्या गिऱ्हाइकाकडून कळावं? कवटीला भोकं पाडून केसाहून बारीक तारा मेंदूत घालून घेतल्यास म्हणे. फिट कुठून उठते ते शोधायला, इथवर ठीक. पण वर त्या संशोधकांनाही सांगितलंस, एकेक पेशी काय बोलते ते खुशाल ऐका. प्रयोगाला उंदीर संपले का? आई गेल्यापासून तुला तळहाताच्या फोडासारखं जपलं, भट्टीजवळ फिरकू दिलं नाही. चांगले पांग फेडलेस. रविवारी न्यायला येतो. तुझी वहिनी रडते आहे.

तुझ्या हिताचंच बोलणारा,
दादा

दि. ६ जून
ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

येऊ नकोस. सही माझी आहे आणि मी चौतीस वर्षांची आहे. जपलंस खरं, मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांआड, गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून. माझं लग्न ठरत होतं, तेव्हा त्या माणसाला माझ्या फिटची गोष्ट मीठमिरची लावून सांगितलीस, तेही जपणंच का?

इथे फिट यावी म्हणून गोळ्या कमी केल्यात. मधल्या वेळात संशोधक बाई फोटो दाखवते. पूल, घोडा, आई, वहिनी, तू. यंत्रातून पेशीचा आवाज येतो, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. एक पेशी फक्त तुझ्या फोटोला तडतडते. आईला नाही. बाई खूश झाली.

वहिनीला नमस्कार. तुला वर घातलाच आहे.
धाकटी

दि. १० जून
धाकटीस,

दारातून परत पाठवलंस. आता फिटचं खापरही माझ्या फोटोवर फोड. डोकं कापून घेतलंस तर या घराची पायरी चढू नकोस.

दादा

दि. १८ जुलै
ती. दादास, सा. न.

ऑपरेशन झालं. त्यानंतर फिट नाही. ती जिथून उठायची तो कोपरा काढला. तुझी पेशी तिथलीच होती. आदल्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, त्याबरोबर दादाही जाईल का. ते हसून म्हणाले, अशा पेशी पुष्कळ असतात, माणूस इतक्या सहज पुसला जात नाही. त्यांना वाटलं मी घाबरलेय. मला तर त्यांचं उत्तर ऐकून वाईट वाटलं होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली की तुझ्या बेकरीसमोरच्या बेकरीत काउंटरवर उभी राहणार आहे. मालकाला फिटचं मीच सांगितलं. तो म्हणाला, बसायला स्टूल ठेवतो.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवू नकोस.
धाकटी