जबड्याखाली, सकाळी आठ

२० मार्च
ह्वांगशीच्या औषध कारखान्यात आज रुजू झालो. खोली स्वच्छ, खिडकीतून नदी दिसते, नाश्त्याला तिळाच्या नूडल्स पोटभर. काम सोपं: उंदीरघरातल्या पिंजऱ्यांना हातानं लेबलं लिहून लावायची. नर उंदरांच्या जबड्याखालच्या ग्रंथीत एक प्रथिन असतं. त्यानं मेलेल्या नसांना पुन्हा अंकुर फुटतात. त्याचंच इंजेक्शन रुग्णांना देतात. माझी शाळा आठवीत सुटली, पण अक्षर कधी चुकलं नाही. इथले शिकलेले मात्र ‘उंदीर’ या एका चिन्हाच्या तेरा रेघांतल्या काही गाळतात.

२३ मार्च
ग्रंथी काढणारी तान मावशी तीस वर्षं इथं आहे आणि तीस वर्षांत काही शिकलेली नाही. आठची घंटा झाली की सुरी घेते, प्रत्येक उंदराच्या हनुवटीखाली अंगठा ठेवते आणि पुटपुटते, माफ कर बाळा. उंदराची माफी! जेवताना मला म्हणाली, मास्तर, त्यांना वाचता येत नाही, इतकं सुबक कोणासाठी लिहितोस? सगळे हसले. त्यांची अक्कल तेवढीच.

२६ मार्च
माझी उजव्या हाताची दोन बोटं चपलांच्या कारखान्यात यंत्राखाली सापडली, तेव्हापासून बधिर आहेत. डॉक्टर म्हणाला, दोन वर्षं झाली, आता आशा सोड. इथं लेबल वाकडं चिकटलं म्हणून औषधाच्या चांगल्या कुप्या फेकून देतात. असला गाढवपणा बघवत नाही. एक कुपी खिशात घातली आणि बोटांच्या मुळाशी टोचून घेतली.

२९ मार्च
रोज एक टोचतो. आज करंगळीला कागद लागला. कागदाचा खरखरीतपणा. संडासात जाऊन रडलो.

१ एप्रिल
बोटांना आता सगळं कळतं: शाई कुठं ओली आहे, टेबलावर काल कोणी कप ठेवला होता. सकाळी जबड्याखाली चमक आली. दाढ असावी.

३ एप्रिल
चमका आठला सुरू होतात, बाराला थांबतात. दाताचा डॉक्टर म्हणवणारा बैल म्हणाला, दाढा ठणठणीत आहेत.

५ एप्रिल
छिंगमिंग, पितरांचा दिवस. आवारात उंदरांसाठीही एक दगड उभारलेला आहे. आज सुरीला सुट्टी. सगळ्यांनी दगडापुढं बिस्किटं ठेवली, कमरेत वाकले. मावशी म्हणाली, वाक की रे, कंबर नाही मोडत. मी वाकलो नाही. उंदरांपुढं?
जबडा दिवसभर शांत होता. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

६ एप्रिल
दारातून पाहत उभा राहिलो. मावशीची सुरी खाली — चमक. सुरी — चमक. एकही चुकली नाही.

७ एप्रिल
पहाटेच्या बसनं गावाकडं निघालो. आठ वाजता, डोंगरात — तेच. परत आलो. निदान इथं थांबवता तरी येईल. साहेबांना कुप्यांचं सगळं कबूल केलं. ते म्हणाले, औषधानं नसा वाढतात, डोकं नाही. कुप्या बंद केल्या, पण वाढ काही —

८ एप्रिल
सुट्टीचं काम तुंबलंय. आज पिंजऱ्यांची तिसरी ओळ सगळीच कापायची म्हणे. मावशीला विनवलं, आज नको. ती म्हणाली, अगं बाई, मास्तरांना उंदरांचा पुळका आलाय. सगळे हसले.
धावत दगडापाशी गेलो. वाकलो. बिस्किट ठेवलं, तिथंच बसून लिहितोय —
घंटा.
पहिला पिंजरा. लेबल माझ्याच अक्षरातलं, एक रेघ चुकलेली नाही — दुसरा — आता सुरीच्या आधीही कळतं — तिचा अंगठा, उबदार, माझ्या हनुवटीखाली — आणि अगदी कानाशी, माफ कर बा