विश्राम चपला काढणार

२३ ऑक्टोबर १९९३, शनिवार
ऑफिसात खंडेनवमीची पूजा. चौदा वर्षं टेबलावर मधोमध माझा टाइपरायटर, आणि हळद-कुंकू माझ्या हातचं. यंदा पूजा एसी केबिनमध्ये, नव्या कॉम्प्युटरची. कोणाच्या हातून? विश्रामच्या! सत्याऐंशी साली दोन बोटांनी टाइप करत आलेला हा पोरगा. त्याला दहा बोटं मी दिली.
माझं मशीन बाहेर स्टुलावर. झेंडूचं एक फूल. तेही सुकलेलं.
केबिनमध्ये जायला गेलो तर नाथा शिपाई म्हणाला, महिपतराव, चपला बाहेर. विश्राम आतून हसला. नाथा म्हणतो तो प्रसादाला हसला. मला कळत नाही होय!
ठरलं. पुढच्या खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा मी करणार आणि विश्राम दाराबाहेर चपला काढून उभा राहणार. साहेब म्हणालेच आहेत, रीतसर सर्टिफिकेट आणेल त्याच्याकडे केबिनचा चार्ज. विश्रामकडे फक्त सहा आठवड्यांचं ट्रेनिंग आहे. मी बीकॉम आहे.

२७ ऑक्टोबर
नौपाड्यात दाताच्या दवाखान्यावर इन्स्टिट्यूट आहे, तिथे नाव घातलं. ग्रॅज्युएट सर्टिफिकेट इन कॉम्प्युटर सिस्टिम्स. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. ऑफिसात कोणाला सांगायचं नाही. दात दुखतो म्हणून लवकर सुटायचं.
घरी बायकोला, कलावतीला सांगितलं. ती म्हणाली, विश्रामने नक्की केलं काय? बायकांना ऑफिसमधलं राजकारण समजत नाही.

८ नोव्हेंबर
पहिला प्रॅक्टिकल. दोघांत एक कॉम्प्युटर. माझा पार्टनर रघु, वय वीस. माझा स्पीड बघून क्लास गार पडला. मंजुळा मॅडम म्हणाल्या, सर, हळू, की-बोर्ड तुटेल. कौतुकच ते.
ओळ संपली की माझा डावा हात टाइपरायटरसारखं कॅरेज ढकलायला आपोआप उठतो. रघुचा चष्मा उडाला. दोनदा.

१० नोव्हेंबर
रघु म्हणाला, काका, टायपिंग मी करतो, तुम्ही फक्त सांगा. मान्य केलं. साहेब लोक डिक्टेशनच देतात.

३ जानेवारी १९९४
नवीन वर्ष, नवीन टाइमटेबल. पहाटे पाचला उठून दोन तास अभ्यास. गजराचं घड्याळ आणलं.

४ जानेवारी
घड्याळ वाजलं. बंद करून पाच मिनिटं डोळे मिटून उजळणी केली. पावणेदहाला उठलो. बाळकुम नाक्यावर रिक्षा नाही. ऑफिसात लेटमार्क. रिक्षावाले माजलेत.

२१ फेब्रुवारी
पुन्हा लेटमार्क. बाळकुमचा रस्ता खणून ठेवलाय.

१८ एप्रिल
शेवटी प्रोजेक्ट करावा लागतो, एकट्याने. त्याच्यावरच प्रॅक्टिकलचे मार्क. मला आज बसल्या बसल्या सुचलं आणि अंगावर काटा आला! लेटमार्कचा प्रोग्राम. मस्टरातल्या वेळा घालायच्या, दहा वाजून दहा मिनिटांनंतरच्या सगळ्यांची यादी कॉम्प्युटरच काढणार. विश्राम कधी येतो कोणी बघतं का? केबिनचं दार बंद, आत थंड हवा. नक्की उशिरा येत असणार. एकदा त्याची यादी साहेबांच्या टेबलावर पडू दे. बच्चमजी, तुझ्याच कॉम्प्युटरने तुला धरतो की नाही बघ.

७ जुलै
नाथाला भजी चारून मस्टर मिळवलं. जानेवारी ते जूनच्या वेळा उतरवल्या. क्लासमध्ये मी भराभर वाचत गेलो, रघुने आकडे घातले. वाचताना विचार केला नाही. पुरावा गोळा करताना मन तटस्थ हवं.

२२ ऑगस्ट
प्रोग्राम स्वतः टाइप केला. रघुला दूर बसवलं, स्क्रीनवर रुमाल धरला. चाळीस ओळी, एकही खाडाखोड नाही. चालवला. स्क्रीन म्हणते, व्हेरिएबल नॉट फाउंड. सापडत नाही म्हणे! मी समोर बसलोय.

२९ ऑगस्ट
तेच. प्रिंटआउट घरी आणून अक्षर न् अक्षर तपासलं. पुस्तकाबरहुकूम. कलावतीलाही दाखवलं. ती म्हणाली, टायपिंग सुरेख आहे. अर्थात.

१९ सप्टेंबर
तेच. मंजुळा मॅडम बघू का म्हणाल्या. मी नाही म्हटलं. आयडिया बाहेर फुटली तर? शिवाय माझी आता खात्री झालीय की इन्स्टिट्यूटचं मशीनच बिघडलेलं आहे. परीक्षेला दुसरं मशीन मिळेल.

१ ऑक्टोबर, शनिवार
प्रॅक्टिकल. मशीन दुसरं. व्हेरिएबल नॉट फाउंड. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाच मिनिटं वाट बघितली आणि पुढच्याला बोलावलं.
नापास.
पितृपक्षात परीक्षा ठेवल्यावर दुसरं काय होणार? मेल्यांनो, बघून घेईन एकेकाला.
कलावतीला सांगितलं, निकाल राखून ठेवलाय. तिने जेवताना पापड भाजून दिला. पापड तसाच ताटात ठेवला.

५ ऑक्टोबर
सविस्तर लिहितो.
लंचला विश्राम डबा घेऊन खाली गेलेला. मी फ्लॉपी घेऊन केबिनमध्ये घुसलो. ऑफिसच्या मशीनवर प्रोग्राम चालला की इन्स्टिट्यूटला कोर्टात खेचायचं, आणि यादी थेट साहेबांकडे. चालवला. तीच ओळ. डोळ्यांत पाणी आलं. एसीची हवा फार बोचरी आहे.
मागे विश्राम उभा. कसं कळलं? दाराबाहेर माझ्या चपला. चोरी करायला गेलो आणि चपला व्यवस्थित बाहेर काढून!
वाटलं आता बोंब मारणार. तो वाकून स्क्रीन बघत राहिला. मग हळूच म्हणाला, महिपतराव, एक आकड्याच्या जागी तुम्ही सगळीकडे बारीक एल मारलाय.
मारणारच! आमच्या टाइपरायटरला एकची की आहे कुठे? वीस वर्षं एक म्हणजे एल. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. कॉम्प्युटरला मात्र ते चालत नाही. विश्राम म्हणाला, मलाही तुम्हीच तसं शिकवलंत, ट्रेनिंगमध्ये पहिले पंधरा दिवस मीही असाच रडलो.
त्याने बारा एल बदलले. प्रोग्राम चालला! माझा प्रोग्राम! मी ओरडलोच.
मग यादी आली.
महिपत – सत्तेचाळीस. नाथा – दोन. खाली काही नाही. विश्राम रोज साडेनऊला येऊन एसी लावतो म्हणे.
त्याने यादी वाचली, घडी केली, माझ्या खिशात ठेवली. म्हणाला, प्रोग्राम झकास आहे, पण साहेबांना एवढ्यात नको दाखवायला.
म्हणजे आता याचे उपकारही माझ्यावर. एवढं नीच मी कधी वागलो नसतो.

१३ ऑक्टोबर १९९४, गुरुवार. खंडेनवमी
पूजा केबिनमध्ये. मी मुद्दाम लांब उभा. विश्रामने सगळ्यांसमोर हाक मारली. साहेबांना म्हणाला, मला टायपिंग यांनी शिकवलं, यंदा पूजा यांच्या हातून होऊ दे. आणि माझा टाइपरायटर आत आणून कॉम्प्युटरशेजारी ठेवला. झेंडूचा अख्खा हार घातला.
हळद-कुंकू आधी टाइपरायटरला लावलं, मग कॉम्प्युटरला. वर्षभर ज्याची वाट बघितली ते असं मिळालं. दाराबाहेर कोणी उभं नव्हतं. सगळे आत, सगळे अनवाणी, विश्रामसुद्धा. तो रोजच चपला बाहेर काढतो. मी कधी बघितलंच नव्हतं.
घरी आलो. कलावतीला पूजेचं सांगितलं, मग नापासाचंही सांगून टाकलं. तिला माहीत होतं.
प्रॅक्टिकल पुन्हा जानेवारीत. सोमवारपासून लंचला रोज अर्धा तास विश्राम मला शिकवणार आहे. एकच अट घातली त्याने. वेळेवर या म्हणाला.