चिखलातलं माप

मु. झरी, ता. परभणी
निज आषाढ वद्य पंचमी, शके १८७२

थोर मनाचे अंगददाजी यांच्या पायांवर धाकटा मेहुणा सटवाजी याचं डोकं. (पायांवर लिहिताना टाक अडखळला, पण पत्राची रीतच तशी, काय करणार!) इकडं आई खुशाल, मेंढरं खुशाल, पाऊस बरा. मी खुशाल न्हाई आन् असू बी नये. तुमच्या डाव्या टाचेची खुशाली उलट टपाली कळवावी. मनकर्णाआक्का, तू गिरणीच्या वर्गात जाऊन वाचायला शिकलीस हे लय झ्याक झालं. दाजींना सावकाश वाचून दाखव, मधे हसू नको.

दाजी, तुमचं नाव इथं किती मोठं हाय ते तुमालाच ठाव न्हाई. चौदाव्या वर्षी मेंढरं सोडून हैदराबादेच्या गिरणीत गेलेला आमचा जावई फुटबॉलात पलटणीच्या बूटवाल्या सोजिरांना अनवाणी पायानं रडवतो, हे झरीच्या पोरासोरांना पाठ हाय. बुजलेल्या मेंढराला पायानं आडवता आडवता तुमचा पाय तयार झाला, (हे तुमीच सांगितलेलं, म्हणून खरं.) आन् सात वर्सं झाली, तुमच्याशिवाय गिरणीचा संघ मैदानात उतरत न्हाई. धोंड्याच्या महिन्यात तुमी वाणाला आलात तवा मारुतीच्या पारावर सत्काराचं भाषण म्याच ठोकलं. त्यात थोडं तिखटमीठ पडलं, कबूल. दाजींनी मारलेला चेंडू खाली यायच्या आत पंच पान खाऊन येतो, असं म्या बोललो. तुमी खाली मान घालून बसलता. मला वाटलं, लाजायलेत. आता कळतंय, तुमी पायातल्या नव्या जोड्याकडं बघायलता.

त्या जोड्याची हकीकत सांगताना तोंड कुठं लपवावं कळंना. पाडव्याला तुमी आलता तवा किशनराव पाटलानं चारचौघांत इचारलं, एवढा नामी गडी आन् पायात जोडा का न्हाई? तुमी हसून म्हणलात, उघड्या पायाला चेंडू कळतो. तुमची इज्जत रत्तीभर कमी झाली न्हाई, पण मला मेल्याहून मेल्यावानी झालं. (माझ्या सवताच्या पायात बी जोडा न्हाई, पण मला कोण बघतंय?) मंग ठरवलं, धोंड्याचं वाण म्हणून दाजींना कोरा करकरीत जोडा द्यायचा, तो बी अचानक. आता माप कुठनं आणायचं? तुमी आडावर पाय धुतले तिथं चिखलात तुमचं पाऊल उमटलं होतं, झकास, पाची बोटांसकट. म्या त्यावर कोंबड्यांचं डालं झाकलं आन् जोडे शिवणारा बन्सीधर गावात येईस्तोवर पंधरा दिवस राखण केली. (आई म्हणायची, येवढी राखण अंड्यांची केली असतीस तर पिल्लं तरी निघाली असती.) बन्सीधरनं काडी लावून माप घेतलं. आता आपली काळी माती वाळली की आकसती, हे शेंबडं पोर बी सांगंल. उन्हाळ्यात रानाला भेगा पडत्यात त्या काय उगंच? पण आमी दोघं जाणते बाप्ये त्या पावलावर वाकून बसलो होतो, आन् एकाच्या बी डोस्क्यात आलं न्हाई.

तुमी मातर जोडा घातलात. सासूनं हळदकुंकू लावून दिलेलं वाण पायातून कसं काढायचं, म्हणून परभणीच्या इस्टेशनापर्यंत, चिखलातून, हूं का चूं न करता चालत गेलात. मंग आक्काचं पत्र आलं. टाच सोलली, पिकली, शेवटच्या सामन्याला तुमी मैदानाच्या कडंला बसून राहिलात, गिरणी हरली, आन् साहेब म्हणला की दिवाळीपर्यंत पाय बरा झाला न्हाई तर नोकरी बी गेली आन् खोली बी. वाचून म्या गावाला सांगितलं, पावसानं सामना नासला. आईला खरं सांगितलं. ती म्हणली, मेंढराच्या खुरात काटा गेला तर तुला लांबून चाल बघून कळतंय, आन् जावई लंगडत वेशीबाहेर गेला ते दिसलं न्हाई व्हय रं? तवापासून माझ्या ताटात कोरडी भाकर पडायलीय, आन् तीच मला शोभती.

रायभान लोकरवाला तिकडं यायलाय, त्याच्यासंगं मलम धाडलंय. रोज दोनदा लावावं. मेंढरांच्या खुरांवर लय गुणकारी हाय. (मेंढरं ते चाटत्यात, तुमी चाटू नका.)

तुमचा शरमिंदा मेहुणा,
सटवाजी

ता. क. दिवाळीला अनवाणीच या. वेशीवर मी तुमचे पाय धुतो, पाटील बघत असला तरी.

आणखी ता. क. आक्का, इथून पुढं मोठ्यानं वाचू नको. माती आकसली हे खरं, पण तेवढंच खरं न्हाई. जोडा शिवून आला त्या दिवशी म्या तो गुपचूप घालून बघितला. मला चपखल बसला. दाजींचं पाऊल माझ्याहून दोन बोटं मोठं हाय, हे तुमच्या लग्नापासून मला ठाव. तवाच समदं कळलं होतं गं. पण पाटलाला जेवायचं आवतण गेलं होतं, माझं भाषण पाठ झालं होतं. म्हणलं, एक दिस घालतील आन् काढून ठिवतील. तेवढं दाजींना कळू देऊ नको, हे मागायलाच हे पत्र लिहिलं.

शेवटचं ता. क. न्हाई आक्का, वाच. मोठ्यानं वाच. आन् ते काय म्हणले ते जसंच्या तसं कळव, शिव्या असल्या तर गाळू नको.