घराचे नवे कपडे

१२ जानेवारी

चि. खारूस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेला खोका सुखरूप पोचला. पोस्टमन दारात धापा टाकत विचारत होता, आत विटा आहेत का. मी म्हटलं, माझी भाची घरांना बाहेरून सजवण्याचं काम करते, हे तिचे कापडाचे नमुने समजा. तो नमुने न बघताच पळाला.

सगळे नमुने मांडीवर घेऊन चाचपले. पत्र्याचा हाताला थंडगार लागला, दगडाचा खरबरीत, आणि ती गुळगुळीत फळी तर मला मुळीच आवडली नाही, तिच्यावरून बोट नुसतं घसरतं. उभ्या रेघांची फळी मात्र झकास! कॉर्डरॉयवरून हात फिरवल्यासारखं वाटतं. तीच लाव. लवकर लाव, कारण पश्चिमेच्या, रस्त्याकडच्या भिंतीवरचा ओलीचा काळा डाग आता खिडकीपर्यंत चढलाय आणि कपाटातल्या कपड्यांना वास येतोय.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. समोरचं धूसरच राहणार, कडेचं टिकेल म्हणाले. म्हणून हे पत्र जाड पेनाने लिहिलंय, पानाला जेमतेम पाच ओळी. उगाच गठ्ठा बघून घाबरू नकोस. आणि आपलं काय ठरलंय ते माझ्या लक्षात आहे. जोवर मी शिवणवर्गाला एकटी जाते आणि एकटी परत येते, तोवर तुझ्या तिसऱ्या मजल्यावर राहायला यायचा विषय तू काढायचा नाहीस.

पत्राची वाट बघते. लोभ आहेच, त्यात भर घालायची असेल तर ना नाही.

तुझी आत्या

---

२३ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू निवडलेल्या फळीबद्दल वाचून मी ऑफिसात खुर्चीतून उडालेच. माझ्याही मनात तीच होती! राखेसारखा शांत राखाडी रंग, बारीक उभ्या रेघा, खिडक्यांना सडपातळ चौकटी आणि दारही त्याच रंगाचं. सगळा दर्शनी भाग एकाच कापडातून बेतल्यासारखा दिसेल. आमचे साहेब सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. तेही चित्र बघून दोनदा मान हलवून गेले.

फळी आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर जागा सोडणार आहोत. पाणी आत शिरलं तरी त्या जागेतून खाली निघून जाईल आणि वाऱ्याने भिंत सुकेल. हे मी कॉलेजात शिकले असं लोकांना वाटतं. मी ते तुझ्या मशीनखाली बसून शिकले. कोटाला अस्तर सैल हवं, अंगाला चिकटलं की घाम धरतं, असं तू गिऱ्हाइकांना सांगायचीस. आई गेल्यावर तू मला पदरात घेतलंस, शिवण मारून मारून शिकवलंस. तुझ्या घराला कपडे शिवायची संधी मला मिळतेय, याचा आनंद मला शब्दांत मांडता येत नाही.

सुतारदादा पुढच्या महिन्यात येतील. त्यांच्यावर फार डाफरू नकोस. मायेचं माणूस म्हणून माझ्यावर डाफर.

तुझी खारू

---

६ एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काम झालं. भिंत खडखडीत वाळली, कपाटाचा वास गेला. तो काळा डागही गेला, इतकी वर्षं पाहुण्यासारखा राहिला होता. लोक रस्त्यात थांबून घर बघतात. डावीकडच्यांनी आणि उजवीकडच्यांनीही सुतारदादांना गाठून हुबेहूब तशाच फळ्या लावून घेतल्या. समोरची शिक्षिका म्हणते, आमचंही ठरतंय. अख्ख्या आळीला तू गणवेश घातलास बघ! मला फार अभिमान वाटला.

बाकी ठीक. मशीनला तेल घातलं. खिडकीतल्या कुंडीला कळी आली आहे. गुडघा जरा कुरकुरतोय म्हणून वर्गाला काही दिवस सुट्टी घेतली. पाव, दूध शेजारच्या नर्सबाई आणून देतात, गुणी बाई आहे. तू मुळीच काळजी करू नकोस.

आठवण ठेव, म्हणजे लोभ आपोआप राहील.

तुझी आत्या

---

१५ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात कपाट आहे, मशीन आहे, कुंडी आहे. रस्ता कुठे गेला? तुझ्या पत्रात नेहमी वर्गातल्या मुलींच्या भानगडी असतात, कुणी बाही उलटी लावली, कुणाचं लग्न मोडलं. या वेळी एकही मुलगी नाही. आणि मागे गुडघा सुजून भोपळा झाला होता तेव्हाही तू काठी घेऊन वर्गाला गेली होतीस, हे मी विसरलेले नाही.

काय झालंय ते मला सांग. रागावणार नाही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
खारू

---

२२ एप्रिल

चि. खारूस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्यापुढे सोंग टिकत नाही. सांगते.

वर्गावरून परत आले, फाटक उघडलं, आत गेले. खुर्चीवर कुणी पुरुष पाय पसरून बसलेला. माझ्या घरात शिरायची तुमची हिंमत कशी झाली म्हणून मी त्याला असा झाडला की तो उभाच राहिला. ते नर्सबाईंचे यजमान निघाले, आणि घर त्यांचं! आम्ही सगळे पोट धरून हसलो. त्या दिवशी गंमत वाटली.

पुढच्या खेपेला मी सगळी रांग ओलांडून पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेले. तिन्ही घरं सारखीच, आभाळासारखी राखाडी. गाड्या जवळून जात होत्या आणि मला कळेना मी कुठे आहे. एका अनोळखी बाईने हाताला धरून आणलं. खारू, मी फार घाबरले. इतके दिवस मी तो काळा डाग बघून घरी येत होते, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून उंबरा ओलांडला नाही.

नमुने बोटांनी निवडले, डोळ्यांनी नाही, यात तुझी काय चूक? घर फार सुरेख झालंय, सगळे म्हणतात. फक्त तू मला इथून हलवू नकोस, एवढंच मागते.

तुझी आत्या

---

११ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

घरी पोचले. तू बांधून दिलेली शिदोरी गाडीतच संपली.

समोर सांगितलं तेच लेखी देते, म्हणजे तू निर्धास्त होशील. तुला कुठेही हलवायचं नाही. हलवायचं असेल तर घराला.

एक गोष्ट मात्र तुला सांगितली नव्हती. आले त्या दुपारी तू झोपलीस तेव्हा, तुला कसं दिसतं ते कळावं म्हणून, मी चष्म्याच्या काचांवर मधोमध कागदाचे गोल चिकटवले आणि वर्गापासून घरापर्यंत चालत आले. मीच आखलेलं घर, त्याच्यासमोरून मी सरळ पुढे निघून गेले. नर्सबाईंनी हाक मारली म्हणून थांबले. मला रस्त्यातच रडू आलं. रस्त्यावरून घरं कशी दिसतात हाच माझा धंदा, पण कुणाला दिसतात हे मी कधी विचारलं नव्हतं.

आणि मग कुठला रंग लांबून दिसतो ते बघायला तू कापडांची ट्रंक उघडलीस. मी वरच्या खिडकीतून तुझी कापडं सोडत होते आणि तू नर्सबाईंचा हात धरून कोपऱ्यावरून ओरडून सांगत होतीस. हिरवं नाही. लाल तर मुळीच नाही, भिंत काळवंडली का असं विचारलंस. पिवळं नुसतं चमकल्यासारखं झालं. मग वाऱ्याने जांभळ्या कापडाचं टोक पिवळ्यावर येऊन पडलं आणि तू हात वर केलास. एक रंग नव्हे, दोन रंगांची कड दिसते तुला! काठ कसा लावायचा हे पुन्हा तूच शिकवलंस.

सुतारदादा दाराभोवतीच्या फळ्या काढतील. जमिनीपासून छपरापर्यंत रुंद पिवळा पट्टा, दोन्ही अंगांना गडद जांभळा काठ, रंग चकाकी नसलेला, म्हणजे उन्हात डोळे दिपणार नाहीत. नवं चित्र बघून साहेबांनी मान हलवली नाही. नाही तर नाही.

तू खरं सांगितलंस, याबद्दल तुझे किती आभार मानू? लोभ मी मागत नाही, तो तुझ्याकडून मला कधीचाच मिळालाय.

तुझी खारू

---

३ जून

चि. खारूस अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुतारदादा परवा काम संपवून गेले. जाताना घराकडे वळून वळून बघत होते. समोरची शिक्षिका म्हणाली, फारच भडक झालं हो. मी म्हटलं, बाई, तुम्ही शांत रंगच लावा, म्हणजे माझा उठून दिसेल.

काल वर्गाला गेले. मुलींनी नुसता गलका केला. एकीने माझ्या गैरहजेरीत तीन झगे कापून तिन्ही वाया घालवले आहेत, तिच्याकडे आता बघतेच. निघताना एक जण सोडायला येते म्हणाली. मी नको म्हटलं. जीभ नको म्हणाली, पण चपला घालायला मी बराच वेळ लावला, ते तुझ्यापासून लपवत नाही.

कोपऱ्यावर वळले. सगळं नेहमीसारखं धुरकट, राखाडी. आणि त्यात लांबवर ते उभं होतं, पिवळं, जांभळ्या काठाचं. हात लावून नव्हे गं, कुणी सांगून नव्हे. दिसलं! लांबचं काही दिसायची आशा मी सोडून दिली होती. दारापर्यंत गेले, कुलपाला हात लावला, आपलंच होतं.

मग कुलूप न उघडता मागे फिरले. पुन्हा कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि पुन्हा आले, ते परत एकदा दिसावं म्हणून.

तुझी आत्या