तलावाच्या दगडावरच्या शेवटच्या दोन ओळी

१२ जून

तीर्थरूप काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन आज सहा आठवडे झाले. मी कामावर जायला लागले आहे. त्यांचा चष्मा अजून टेबलावरच आहे. तो उचलायचं कोणी मनावर घेत नाही, मीही नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. संग्रहालयात त्या जुन्या राजघराण्याचं नवं दालन उघडणार आहे आणि फलक लिहायचं काम माझ्याकडे आहे. पहिला राजा नावाड्यांचा म्होरक्या होता, त्याने नदी ओलांडायचा उतार ताब्यात घेऊन किल्ला बांधला. तिसऱ्याने कालवे खणले, विष्णूचं देऊळ उभारलं. पाचव्याची मुलं सिंहासनासाठी एकमेकांवर उठली आणि घराण्याला उतरती कळा लागली. सहा फलक लिहून झाले, सातवा अडला. नव्या संग्रहपालांनी मजकूर दिलाय की शेवटचा राजा राजधानी सोडून पळाला आणि घराणं संपलं.

मी त्यांना तलावाच्या दगडावरच्या लेखाचा बाबांनी कागदावर घेतलेला ठसा दाखवला, काळ्या शाईत पांढरी उमटलेली अक्षरं. पुढे तो दगड हलवताना फुटला आणि खालचा भाग गेला. त्यामुळे शेवटच्या दोन ओळी आता फक्त त्या कागदावर आहेत: राजधानी पडल्यावर नवव्या वर्षी राजाने शंभर कुटुंबांसोबत स्वतः माती वाहून हा तलाव बांधला. पळालेला माणूस असं करत नाही.

संग्रहपालांनी भिंग लावलं. म्हणाले, या दोन ओळी पांढऱ्या रंगाने गिरवल्या आहेत, ठसा बनावट आहे. वर म्हणाले की गेलेल्या माणसाविषयी बोलू नये, पण तुमचे वडील जरा हौशीच होते.

मी ठसा उचलून जागेवर ठेवला. पण तो मजकूर मी लिहिणार नाही. दालन पंचवीस तारखेला उघडतंय. ठसा घेताना तुम्ही बाबांसोबत होतात. नेमकं काय झालं ते कळवावं. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

आपली पुतणी

१५ जून

चि. खारूताई हिस,
अनेक आशीर्वाद.

एवढी घोडी झालीस तरी मी तुला खारूताईच म्हणणार. लहानपणी कागदाचे कपटे गोळा करून उशीखाली ठेवायचीस.

अगं, फलक लिहून टाक आणि मोकळी हो. राजाला जाऊन कित्येक शतकं झाली, तो काही तुझ्याकडे जाब विचारायला येणार नाही. गिरवलं असेल कोणीतरी. इतक्या वर्षांनी कुणाला आठवतंय? संग्रहपाल नवा आहे, नव्याची नवलाई ओसरली की गप्प बसेल. उगाच वैर घेऊ नकोस. दादा असता तरी हेच म्हणाला असता.

उद्घाटनाला माझं येणं होणार नाही. गुडघ्याने संप पुकारलाय. जेवत जा वेळेवर. आमच्यावर रागावलीस तरी माया असू दे.

तुझा काका

१८ जून

तीर्थरूप काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. बाबा असं म्हणाले नसते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

काल त्यांचं कपाट आवरलं. तळाशी माझं शाळेतलं नकाशांचं पुस्तक निघालं. बाबांनी त्याला जाड कागदाचं कव्हर घातलं होतं. त्यावर उंचवटे होते. भूगोलाच्या तासाला मी त्यांवरून बोट फिरवत बसायचे आणि बाईंची बोलणी खायचे. काल कव्हर काढून उलटं केलं. आत काळी शाई आणि पांढरी अक्षरं. तलावाच्या दगडाचाच ठसा, एक कोपरा फाटलेला. शेवटच्या दोन्ही ओळी शाबूत, रंगाचा ठिपकाही नाही. ते उंचवटे म्हणजे दगडातल्या अक्षरांत ठोकून बसवलेला कागद होता, काका. रंगाने असे उंचवटे येत नाहीत.

कडेला बाबांच्या अक्षरात लिहिलंय: पहिला ठसा, ओला असताना ओढला.

बाबांनी ओला कागद दगडावरून आयुष्यात ओढला नसता. ठसे घेताना मी घाई केली की कागद वाळेपर्यंत ते मला हात मागे बांधून उभं करायचे. मग कोणी ओढला, हे मी विचारत नाही. संग्रहालयाच्या नोंदीत सही मात्र बाबांची आहे आणि बनावट करणारे तेच ठरताहेत. ते आता उत्तर द्यायला नाहीत, तुम्ही आहात. गुडघ्याला माझा नमस्कार सांगावा आणि यावं. कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घालावं, लोभ ठेवावा.

आपली पुतणी

२१ जून

चि. खारूताई हिस,
अनेक आशीर्वाद.

ढग भरून आले होते आणि मला घरी जायची घाई होती. मीच ओढला. दुसरा ठसा घेतला, त्यात खालच्या दोन ओळींवर कागद ठोकायचा ब्रश नीट बसला नाही, अक्षरं पुसट आली. फाटका ठसा तेव्हा संग्रहालयात दाखल करून घेत नसत. दादाची पाठ वळल्यावर मी फाटक्यावरचं बघून दुसऱ्यावर रंग भरला. त्याने पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तो एवढंच म्हणाला की ओळी खऱ्या आहेत आणि तुझी नोकरी नवी आहे. मग सही केली. पुन्हा एका शब्दाने ते काढलं नाही. त्याने बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या पत्रात मी भ्यालो होतो. पंचवीसला सकाळच्या गाडीने येतो. गुडघ्याला विचारलेलं नाही. या काकावर थोडा जीव राहू दे.

तुझा काका

२६ जून

तीर्थरूप काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कळवावं. काल एवढ्या मोठ्या लोकांसमोर उभं राहून ‘रंग मी भरला’ म्हणालात, तेव्हा मला तुमच्याकडे बघवलं नाही. बाबांसारखेच उभे होतात, एका पायावर भार देऊन.

आज सकाळी संग्रहपाल एकटेच माझ्या टेबलाशी आले. कव्हरच्या उंचवट्यांवरून त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं. मग म्हणाले की समिती बसेल, विचार करेल, तोवर सातवी जागा रिकामी ठेवा. मी सांगितलं की फलक काल संध्याकाळीच लिहून टांगलाय. परवानगीशिवाय का, असं त्यांनी विचारलं. काढायचा तर तुमच्या हातांनी काढा, मी काढणार नाही, असं मी म्हटलं. एवढं मोठं वाक्य मी कामावर पहिल्यांदाच बोलले असेन. ते दालनात गेले, वाचून परत आले. फलक अजून जागेवर आहे.

बाबांचा चष्मा आज उचलला. मजकुराची नक्कल तुमच्यासाठी खाली देते. लोभ आहे तसाच राहावा.

आपली पुतणी

“सातवा राजा. लढाई हरला, राजधानी गेली. नवव्या वर्षीही तो आपल्या माणसांत होता आणि त्याने त्यांच्यासोबत माती वाहून तलाव बांधला. त्यानंतर घराण्याचा उल्लेख सापडत नाही. शेजारी दोन ठसे आहेत, दोन भावांनी घेतलेले. फाटका खरा आहे. त्याला हात लावून पाहावं.”