बॅकअप शंभर टक्के होईपर्यंत

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी साहेब,
पवना-इंद्रायणी खोरे पाणीवाटप मंडळ,
कामशेत, ता. मावळ, जि. पुणे

विषय: बॅकअप संथ असल्याने आसन सोडता येत नसल्याबाबत व तदनुषंगाने वडिलांच्या दहाव्याबाबत.

संदर्भ:
१) आपले परिपत्रक : 'बॅकअप शंभर टक्के पूर्ण झाल्याखेरीज संगणकचालकाने आसन सोडू नये.'
२) माझा रजेचा अर्ज (वडील अत्यवस्थ). आपला शेरा : 'बॅकअप होताच सोडावे.'
३) माझा रजेचा अर्ज (वडील वारले). आपला शेरा : 'वरीलप्रमाणे.'

महोदय,

देह नश्वर आहे, कागदाला वाळवी लागते, धरणेसुद्धा गाळाने भरतात. परंतु ज्या माहितीचा बॅकअप घेतला ती अमर होते. आपल्या या वचनाची चौकट माझ्या टेबलासमोर टांगलेली आहे. सदर माहिती अमर होण्यास सध्या एका दिवसापेक्षा अधिक वेळ लागतो, आणि बॅकअप तर रोज घ्यायचा असतो, एवढीच अडचण नम्रपणे मांडतो.

१. कामशेतच्या सर्व्हरवरील पाणीपाळ्यांची माहिती रोज संध्याकाळी नेटवर्कवरून लोणावळा शाखेतील यंत्रात उतरवली जाते. पूर्वी हे काम चहा पिऊन होईस्तोवर उरकत असे, त्यामुळे संदर्भ १ चा कोणाला त्रास नव्हता. खंडेनवमीपासून मात्र आजचा बॅकअप संपण्याआधीच उद्याचा आपोआप सुरू होतो आणि दोघे एकमेकांच्या पायात पाय घालतात. परिणामी मी खंडेनवमीपासून आसनावर आहे. नैसर्गिक विधींपुरते शिपाई हौशीराम माझ्या जागी बसत. ते 'संगणकचालक' या व्याख्येत बसत नसल्याचे आपण लेखी कळवलेत, म्हणून आता ते खुर्चीला हात लावून उभे राहतात.

२. दोष शोधण्यात मी कसूर केलेली नाही. 'माहितीच फार साचली असेल,' असे आपले म्हणणे पडले, म्हणून तोच बॅकअप लोणावळ्याला न पाठवता इथल्याच डिस्कवर घेऊन पाहिला. तो बघता बघता झाला. म्हणजे सर्व्हर निर्दोष. मग लोणावळ्याला एक साधी फाइल धाडली, ती रखडली. म्हणजे वाट दोषी. लोणावळ्याच्या अनुष्का मॅडमनी त्यांची बाजू तपासून 'आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमच्याकडेच काहीतरी शिजतंय,' असे कळवले. अखेर सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ते शेजारचे स्विचचे कपाट आसनावरूनच हात लांबवून उघडले. खंडेनवमीला आपण स्वहस्ते यंत्रपूजा केलीत, तेव्हा लोणावळ्याची तार ज्या भोकात शिरते नेमके तेथेच हळद, कुंकू, अक्षता व चमचाभर पंचामृत अर्पण झाले आहे. हजाराच्या वेगाने चालणारी जोडणी तेव्हापासून दहाच्या वेगाने चालते. त्या वेळी तिथला हिरवा दिवा केशरी झाला होता, आणि तो शुभसंकेत समजून आपण सर्वांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

३. भोक साफ करायचे तर तार उपसावी लागते. तार उपसली की चालू बॅकअप तुटतो. चालू बॅकअप तोडणे परिपत्रकाविरुद्ध आहे. सबब 'बॅकअप पूर्ण झाल्यावर साफसफाई करावी,' असा आपला आदेश झाला. तो वाचून दाखवल्यावर हौशीराम म्हणाले, "म्हंजी फुंकर मारायला आदी ह्ये पुरं व्हायला पायजे, आन् पुरं व्हायला फुंकर पायजे, व्हय? तुमी उठा दादा, जावा घरी. त्या डब्याला काय डोळं हाईत?" त्यांना समज देण्यात आली आहे. उठल्यास माझे कंत्राट संपेल, हे आपण मला प्रेमाने समजावलेच आहे, आणि आमच्या घरात दुसरा पगार नाही.

४. माझे वडील गोपाळकृष्ण खांबेटे हे तळेगावच्या शाळेतील निवृत्त गणितशिक्षक. दवाखान्यातून बहीण कौमुदी हिने व्हिडिओ कॉल लावून दिला. वडिलांनी विचारले, "यशोधन, किती झालं रे?" मी म्हणालो, "अडुसष्ट टक्के, बाबा." ते म्हणाले, "मग पास झालास की. ये आता." त्यांच्या काळी पस्तीसला पास करीत, आपल्या परिपत्रकात शंभर आहे, हे त्यांना समजावेपर्यंत त्यांनी डोळे मिटले. हा कॉल कार्यालयाच्या नेटवर्कवर घेतल्याने बॅकअप अडुसष्टवरच अडकून राहिला. त्याबद्दलचा मेमो मिळाला. तो रास्त आहे. अग्नी कौमुदीने दिला. तो मी पाहिला नाही, वेगावर परिणाम नको म्हणून.

५. दुसऱ्या दिवशी कार्यालयाने दोन मिनिटे मौन पाळले. त्या अवधीत कोणीच नेटवर्क न वापरल्याने बॅकअपने किंचित उचल खाल्ली, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. आपण त्यावर 'उपाय उपयुक्त. अन्य कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांबाबतही माहिती घ्यावी,' असा शेरा मारल्याचे समजले. लेखा विभागाच्या रजनीताईंनी आपल्या सासूबाईंचे नाव दिले आहे, मात्र त्या अजून धडधाकट आहेत.

६. परवा वडिलांचा दहावा आहे. इंद्रायणीच्या घाटावरचे विधी कौमुदी करणार आहे. आपण रजा द्यावी, स्विच बदलावा, परिपत्रक मागे घ्यावे अथवा माझ्या वडिलांबद्दल काही वाटून घ्यावे, अशी माझी मागणी नाही. पण डोके माझेच भादरावे लागते, ते बहिणीचे चालत नाही.

तरी कामशेत बाजारातील नाभिक श्री. दत्तोबा यांना परवा सकाळी वस्तऱ्यासह सर्व्हर-कक्षात सोडण्याबाबत फाटकावर सांगून ठेवावे, ही विनंती. पाणी माझ्या बाटलीतले वापरीन. केस स्विचपासून लांब ठेवण्याची जबाबदारी माझी राहील.

आपला नम्र व आसनस्थ,
यशोधन गोपाळकृष्ण खांबेटे
संगणकचालक (कंत्राटी)

दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) वडिलांचा मृत्यूचा दाखला.
२) बॅकअपच्या पडद्याचे छायाचित्र (एकाहत्तर टक्के).
३) वस्तऱ्याचे छायाचित्र, मिटलेल्या स्थितीत.