विलायती पाखराचं ताट

सोमवार, वैशाख. उदगीर.

धाकटी जाऊ कलावती म्हणाली होती, "अक्का, तुमचं ताट फुटलं." निळ्या छापाची जुनी विलायती ताटं मी बाजार धुंडाळून जमवलीत, सगळ्यांवर पाखरं. त्यातलं मोठं तिनं लेकीच्या साखरपुड्याला नेलं. फुटलं म्हणे. तुकडे तरी दाखव की!

आज तिच्या लातूरच्या घरी गेले. दीर नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीत लागला, म्हणून मठाच्या स्वामींना जेवायला बोलावलं होतं. देवघरात बघते तर माझंच ताट, अख्खं! वर पुरणपोळीचा नैवेद्य, पाखराच्या पिसाऱ्यावर बेलपान. मला बघून चपापली, मग स्वामींना म्हणते कशी, "मोराचं हाय, खास देवासाठी घेतलं."

मोर? मोराच्या गळ्याला असलं कातडं लोंबतं व्हय? मला ताट विकणाऱ्या म्हाताऱ्या खानसाम्यानं सगळं सांगितलं होतं. मी गोड आवाजात म्हणाले, "मोर न्हाई गं, टर्की हाय. साहेब लोक नाताळात हे पाखरू अख्खं भाजून असल्याच ताटात घ्यायचे."

स्वामी न जेवताच पाटावरून उठले. कलावतीनं ताट नैवेद्यासकट माझ्या हातात कोंबलं. "न्या तुमचं!"

तुमचं म्हणाली, चारचौघांत.

स्वामींपुढं बोलायला नको होतं का? मग फुटलं म्हणून तिनं तरी का सांगावं? आता बसेल देवघर धूत. पाण्याचा टँकर परवा येणार हाय त्यांच्या गल्लीत.

पोळी मी एसटीत खाल्ली. गूळ कमी होता.